टपालहशील कोणी भरले?



पत्र ही वस्तू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. लिहिणाऱ्याने ते पेटीत टाकले की त्याच्या हातून गेले. ज्याला लिहिले त्याला पोचले की त्याचे झाले. पण या दोन क्षणांच्या मध्ये ते एका तिसऱ्या माणसाच्या हातात असते. त्याला जासूद म्हणा, टपालवाला म्हणा, की आजच्या भाषेत ई-मेलची कंपनी म्हणा. टपालाचा इतिहास म्हणजे रस्ते, घोडे, आगगाड्या आणि तारा यांचा इतिहास, असे आपण शाळेत शिकलो. मला तो या तिसऱ्या माणसाच्या हक्कांचा इतिहास वाटतो. त्याने पत्राला कोठवर हात लावावा? पाकीट पाहावे, वजन करावे, की आतही डोकवावे? हा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार माझ्या नजरेस आली. टपालहशील कोण भरतो, यावर या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे अवलंबून असते. आजचे माझे निवेदन या एका सूत्राला धरून आहे. मध्ये कोठे सूत्र सुटले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

मराठेशाहीतील कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ असा लहानसा शिक्का दिसला असेल. शिवछत्रपतींच्या पत्रांवर याच जागी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा तिचा अर्थ. पत्र नेणारा जासूद हा धन्याचा पगारी माणूस; निराळे हशील भरण्याचा प्रश्न नव्हता. वाटेत शत्रूने जासूद गाठला तर लखोटा फुटत असे. पण ते शत्रूचे कृत्य म्हणूनच ओळखले जाई. ‘हा लखोटा फोडायला तुमचीच संमती होती’, असे काही तो शत्रू म्हणत नसे.

सार्वजनिक टपाल आले आणि पत्र परक्याच्या हाती गेले. इंग्लंडात १८४० पूर्वी हशील बहुधा पत्र घेणाऱ्याने भरावे अशी रीत होती, आणि तेही अंतर व कागदांची संख्या पाहून. आपल्याकडे ज्याला लोक ‘नॉटपेड’ म्हणत, तीच तेथली नेहमीची रीत. कवी कोलरिजची एक आख्यायिका सांगतात. सरोवरांच्या त्या प्रदेशात एका झोपडीच्या दारी टपालवाला पत्र घेऊन आला. घरातल्या बाईने पत्र उलटसुलट करून पाहिले आणि हशील परवडत नाही म्हणून परत केले. कोलरिजला दया आली. त्याने खिशातून पैसे दिले. टपालवाला गेल्यावर बाई म्हणाली, “उगाच खर्च केलात. आत कोरा कागद आहे. भाऊ खुशाल असला म्हणजे असा कागद पाठवितो. तो पाहिला की मला कळते.” गोष्ट घडलेली असो की घडविलेली, टपालसुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी ती पुष्कळ वापरली. पेशाने शाळामास्तर असलेल्या रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये आपली पुस्तिका काढली आणि १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. मे महिन्यात तिकीट निघाले. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो, पत्र जाण्याची सोय झाली.

या सुधारणेत स्वस्ताईपेक्षाही मोठी गोष्ट होती, असे माझे मत आहे. हशील लिहिणारा भरू लागला, आणि ते आधी भरू लागला. तिकीट ही पावती झाली. सरकारने तुम्हाला एक गोष्ट विकली, ती म्हणजे वाहतूक. व्यवहार तेथे मिटला. पत्रात काय आहे याच्याशी सरकारी तिजोरीचा काडीचाही संबंध उरला नाही. पत्र प्रेमाचे असो, कर्जाचे असो, हशील तेवढेच.

मग १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पाकिटाला अर्धा आणा, म्हणजे दोन पैसे. या दोहोंमधला एक पैसा कशाचा? तो गुप्ततेचा. कार्ड टपालवाला वाचणार, शेजारी वाचणार, ज्याच्या पत्त्यावर येते त्या दुकानाचा नोकर वाचणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून आपल्या आजीआजोबांनी कार्डावर काय लिहावे आणि काय लिहू नये याचे एक शास्त्रच बनविले होते. ‘येथील सर्व मंडळी खुशाल’ हे कार्डावर; मुलीला सासरी काय जाच आहे, हे पाकिटात. मृत्यूची वार्ता असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला, म्हणजे वाचण्याआधीच मनाची तयारी व्हावी. एक पैसा वाचविला म्हणजे काय गमावले, हे लिहिणाऱ्याला अगदी नेमके माहीत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

आता पत्र फोडण्याच्या एका प्रसिद्ध प्रकरणाकडे वळतो. जोसेफ मॅझिनी हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. सावरकरांनी त्याच्या आत्मचरित्राचे केलेले भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि सरकारच्या रोषाला पात्र झाले. हा मॅझिनी १८४४ मध्ये लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होता. आपली पत्रे कोणी उघडते की काय, असा त्याला संशय आला. त्याने युक्ती योजली. मित्रांना सांगून पाकिटात खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पत्रे पाठविण्यास लावले. पाकीट हाती आले तेव्हा दाणे नाहीसे झालेले. १४ जून १८४४ रोजी टॉमस डन्कोम या सभासदाने पार्लमेंटात अर्ज सादर केला आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांना कबूल करावे लागले, की आपल्या सहीच्या हुकमाने पत्रे उघडली गेली.

इंग्लंड खवळले. कार्लाईलसारख्या लेखकाने ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून मॅझिनीच्या चारित्र्याची ग्वाही दिली. ‘पंच’ने ग्रॅहॅमची थट्टा करणारी पाकिटे काढली. हे पत्र ‘ग्रॅहॅमू नये’, असे लोक पाकिटावर लिहू लागले. मंत्र्याच्या आडनावाचे क्रियापद होणे याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही. पत्रांतील माहिती परक्या सरकारकडे गेली, हे चौकशीत बाहेर आले. त्याच उन्हाळ्यात कॅलाब्रियात उतरलेले बांदिएरा बंधू पकडले गेले आणि जुलैत गोळ्या घालून मारले गेले. त्याचे खापर मॅझिनीच्या मित्रांनी लंडनच्या टपालखात्यावर फोडले. तो आरोप पुराव्याने शाबीत झाला असे म्हणता येणार नाही. परंतु परदेशी पत्रे उघडण्यासाठी जी गुप्त कचेरी टपालखात्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती त्याच वर्षी बंद झाली. मंत्र्याचा वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.

या सगळ्या गदारोळात ग्रॅहॅम यांनी आपला बचाव कसा केला, तेही पाहण्यासारखे आहे. कायद्याने मला अधिकार आहे, माझ्या आधीच्या मंत्र्यांनीही तो वापरला आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘एक पेनीचे तिकीट चिकटविले त्या अर्थी मॅझिनीने पत्र उघडण्यास मान्यता दिली’, असे त्यांना सुचलेही नाही. ती कल्पना सुचायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

मधला भाग मी झरझर सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये असे ठरविले, की बंद पाकिटाचा बाह्य आकार आणि वजन एवढेच टपालखात्याने पाहावे. आत पाहावयाचे तर घराच्या झडतीला लागते तसे वॉरंट हवे. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्याने सार्वजनिक संकट किंवा सुरक्षितता या कारणासाठी सरकारला पत्रे अडविण्याचा अधिकार दिला. १९८६ मध्ये तो अधिकार फार रुंद करणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. ते तसेच पडून राहिले. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही अडविण्याचे कलम आहे. या सर्व कथेत एक गोष्ट समान आहे. पत्र फोडणारा सरकार आहे, त्याला हुकूम काढावा लागतो, आणि हुकूम काढणाऱ्याचे नाव असते. नाव असले म्हणजे त्याचे क्रियापद करता येते.

आता आपण १९९६ मध्ये येऊ. ई-मेल त्यापूर्वीही होते. पण ते विद्यापीठाचे, कचेरीचे, नाहीतर दरमहा वर्गणी भरून घेतलेले. नोकरी सुटली की पत्ता सुटला. ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत ‘हॉटमेल’ सुरू झाले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे त्याचे दोन जनक. पैकी भाटिया यांचे काही शालेय शिक्षण आपल्या पुण्यात झाले. कोणत्याही गावच्या कोणत्याही यंत्रावर बसा, नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा, आणि आपली पत्रे वाचा. दिडकीही द्यावी लागत नाही. ज्यांची मुले परदेशी होती त्यांना ही सोय केवढी वाटली असेल, हे निराळे सांगावयास नको. विमानटपालाला दहाबारा दिवस लागत. येथे कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत अर्धा तास बसले की अमेरिकेतल्या लेकीचे उत्तर. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. त्या वेळी किंमत सुमारे चाळीस कोटी डॉलर सांगितली जात होती.

मग या टपालाचे हशील कोण भरीत होते? हॉटमेलवरून गेलेल्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ आपोआप जोडली जाई: तुम्हीही हॉटमेलवर विनामूल्य ई-मेल घ्या, अशा अर्थाची. जेथे ‘मोर्तब सुद’ असावयाचे तेथे जाहिरात बसली. याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये, असे ज्या जागेवर लिहीत, नेमक्या त्याच जागी टपालवाल्याने आपले अक्षर वाढविले. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मलाही वाटले नव्हते. फुकट मिळते आहे, एक ओळ असली तर असली.

पण फुकट मिळविण्याआधी एक पान समोर येई आणि त्याखाली ‘मला मान्य आहे’ असे बटण असे. या सभागृहात मी विचारले की, ते पान आपणांपैकी कितीजणांनी सबंध वाचले, तर किती हात वर होतील याची मला कल्पना आहे, आणि माझा हात खालीच असेल. १ एप्रिल २०१० रोजी इंग्लंडातल्या ‘गेमस्टेशन’ नावाच्या दुकानाने थट्टेने आपल्या अटींत एक कलम घातले, की गिऱ्हाईक आपला अमर आत्मा दुकानाला देत आहे. नको असल्यास तसे सांगण्याची सोयही ठेवली होती. हजारो गिऱ्हाइकांनी त्या दिवशी आत्मा देऊन टाकला. आपल्या संतांनी आत्म्याविषयी एवढे सांगून ठेवले, पण तो बटण दाबून हस्तांतरित करता येतो, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

थट्टा सोडा. एप्रिल २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट’ या व्यवस्थेच्या अटी काही चौकस लोकांनी वाचल्या. हॉटमेलमध्ये शिरावयाचे ते याच दारातून. त्या अटींत असे निघाले, की या सेवेतून जे काही दळणवळण होईल ते वापरण्याची, बदलण्याची, त्याच्या प्रती काढण्याची, ते प्रसिद्ध करण्याची परवानगी वापरणारा कंपनीला देत आहे. ओरड झाल्यावर कंपनीने ते कलम बदलले. नजरचूक झाली, असा खुलासा झाला. नजरचूक असेलही. माझे म्हणणे इतकेच, की ग्रॅहॅमला जे हुकमाने मिळवावे लागले ते येथे नजरचुकीने मिळत होते, आणि तेही सर्वांच्या सहीने.

यानंतर १ एप्रिल २००४ रोजी गूगलने ‘जीमेल’ जाहीर केले. एप्रिलची पहिली तारीख. शिवाय हॉटमेल दोन आणि याहू चार मेगाबाइट जागा देत असता हे एक हजार देणार म्हणाले, त्यामुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. एवढी जागा द्यावयाची तर पैसा हवा, आणि तो येणार होता पत्राच्या मजकुरातून. यंत्र पत्र वाचील, त्यातले शब्द पाहील, आणि बाजूला त्या शब्दांना जुळणारी जाहिरात लावील. बहिणीने लिहिले, आईचा गुडघा फार दुखतो, की शेजारी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात.

त्याच महिन्यात खाजगीपणाच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या ३१ संस्थांनी गूगलला उघड पत्र लिहून ही सेवा थांबविण्याची विनंती केली. त्यांचे आक्षेप वाचण्यासारखे आहेत. एक, टपालवाला आत पाहत नाही या विश्वासावर पत्रव्यवहार उभा आहे. दुसरा, पत्रे किती काळ ठेवणार याला मर्यादा नाही. पुसून टाकलेल्या पत्रांच्या प्रतीही काही काळ मागे राहू शकतील, असे कंपनीच्याच धोरणात लिहिले होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत दूरदर्शी वाटतो. आज एक कंपनी हे करील आणि लोक सरावतील. उद्या सरकार म्हणेल, की मजकूर यंत्राने चाळलेला तुम्हाला चालतो, मग आम्ही चाळला तर काय बिघडले? कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये लिझ फिगरोआ या सभासद बाईंनी विधेयक आणले. तेथील कायद्यानुसार दोघांचे संभाषण तिसऱ्याने ऐकावयाचे तर दोघांचीही संमती लागते. मेमध्ये पुष्कळ मवाळ होऊन ते सिनेटमध्ये मंजूर झाले, पण कायदा काही झाला नाही.

कंपनीच्या बाजूनेही एक चांगला मुद्दा होता, आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. पत्र माणूस वाचीत नाही, यंत्र वाचते. आणि यंत्र तर पूर्वीपासूनच वाचीत आहे. नको असलेली, फसवणुकीची, विषाणू घेऊन येणारी पत्रे वेगळी काढावयाची तर आतला मजकूर पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. हे खरे आहे. पण दारावरचा पहारेकरी टोपलीत साप नाही ना हे पाहतो, ते घरधन्यासाठी. तोच पहारेकरी टोपलीत कोणती औषधे आहेत याची नोंद करून ती वैद्याला विकू लागला, तर हाताची क्रिया तीच असेल, पण चाकरी बदललेली असेल.

आणि संमती? येथे मी माझ्या मूळ प्रश्नाशी येतो. समजा, भावाचे खाते जीमेलवर आहे. त्याने अटी मान्य केल्या. न वाचता का होईना, केल्या. बहिणीचे खाते दुसऱ्या कंपनीत आहे, कदाचित पैसे भरून घेतलेले. तिने गूगलच्या कोणत्याही कागदावर बोट उठविलेले नाही. ती साताऱ्याहून भावाला नवऱ्याच्या आजाराबद्दल लिहिते. ते पत्र यंत्र वाचते. कोणाच्या परवानगीने? पत्र दोघांचे, सही एकाची. जुन्या काळी एक पैसा जास्त भरून तिला पाकीट घेता येत असे. आता तिने पाकीट घेतले तरी पलीकडे ते कार्डावर उतरून भावाच्या हाती पडते, आणि हे तिला कळतही नाही.

हा प्रश्न न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियात सॅन होझे येथील न्यायाधीश ल्यूसी को यांच्यापुढे २०१३ मध्ये अनेक दावे एकत्र चालले. गूगलच्या वकिलांनी एक दृष्टांत दिला: एखाद्या व्यावसायिकाला पत्र लिहिले आणि ते त्याच्या सेक्रेटरीने उघडले, तर लिहिणाऱ्याला नवल वाटण्याचे कारण नाही. दृष्टांत चतुर आहे. पण सेक्रेटरीला पगार कोण देतो? ज्याला पत्र आले तो देतो. ज्या सेक्रेटरीचा पगार पेठेतले दुकानदार भरतात, त्याला टपाल उघडायला बसविण्याइतका भोळा व्यावसायिक मी तरी पाहिलेला नाही. २६ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयात न्यायाधीशांनी दावे काढून टाकण्यास नकार दिला. जाहिरातीसाठी मजकूर वाचला जाईल, असे अटींच्या पानावर वाचणाऱ्याला स्पष्ट कळेल असे लिहिलेले नाही, असे त्यांनी म्हटले; आणि ज्यांचे जीमेल खातेच नाही त्यांची संमती नुसते पत्र पाठविण्यातून गृहीत धरण्यासही नकार दिला. मात्र पुढे मार्च २०१४ मध्ये सर्वांच्या वतीने एकच दावा चालविण्याची परवानगी त्यांनीच नाकारली. कारण कोणाला काय माहीत होते आणि कोणी कशास संमती दिली, हे ज्याचे त्याचे निराळे. संमतीचा हा दुसरा गुण पाहा: घेताना ती कोट्यवधींची एका बटणाने घेता येते; मोजावयाची वेळ आली की ती एकेकाची होते.

याच सुमारास घडलेली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. गूगल तुमची पत्रे वाचते, आम्ही वाचीत नाही, अशा जाहिराती मायक्रोसॉफ्ट मोठ्या जोराने करीत होती. मार्च २०१४ मध्ये न्यायालयातील कागदांतून उघड झाले, की २०१२ साली आपली गुपिते कोणी फोडली हे शोधताना मायक्रोसॉफ्टनेच एका गृहस्थाची हॉटमेलची पेटी उघडून पाहिली होती. यंत्राने नव्हे, माणसांनी. वॉरंट नव्हते, लागतही नव्हते, कारण अटींत तशी सोय होती. टीका झाल्यावर कंपनीने जाहीर केले, की यापुढे असे प्रकरण आले तर आम्ही स्वतः न उघडता पोलिसांकडे देऊ.

गंमत म्हणून सांगता येणार नाही असेही एक प्रकरण आहे. चीनमधील चांग्शा येथील शी ताओ या पत्रकाराने एप्रिल २००४ मध्ये आपल्या याहूच्या खात्यावरून परदेशी एक टिपण पाठविले. तिआनआनमेन चौकातील हत्याकांडाला पंधरा वर्षे होत होती. त्या वेळी वृत्तपत्रांनी काय करू नये, याविषयीच्या सरकारी सूचनेचा तो सारांश होता. हे खाते कोणाचे, याची माहिती सरकारने मागितली आणि ती दिली गेली. एप्रिल २००५ मध्ये शी ताओ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये याहूचे प्रमुख जेरी यँग यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे शी ताओ यांच्या आईची माफी मागितली. शी ताओ २०१३ मध्ये सुटले. ज्या देशात सेवा द्यावयाची तेथील कायदा पाळणे भाग आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. बांदिएरा बंधूंच्या वेळी काय सिद्ध झाले आणि काय नाही, यावर इतिहासकार अजून बोलू शकतात. येथे बोलण्यासारखे काही उरत नाही.

जीमेलकडे परत येतो. खाते नसलेल्यांच्या वतीने २०१५ मध्ये निराळा दावा लागला. त्यात झालेली पहिली तडजोड न्यायाधीश को यांनी मार्च २०१७ मध्ये नाकारली. लोकांना द्यावयाची सूचना समजण्यासारखी नाही, हे त्यांचे एक कारण. त्यानंतर जून २०१७ मध्ये गूगलने जाहीर केले, की जीमेलमधील मजकूर जाहिराती जुळविण्यासाठी यापुढे वापरला जाणार नाही. तेरा वर्षांपूर्वी ३१ संस्थांनी जे मागितले होते त्यातले निदान एवढे पदरात पडले.

ही बातमी वाचली तेव्हा मला मॅझिनीची खसखस आठवली. २००४ साली एवढा गहजब का झाला? शेजारी लागलेल्या जाहिरातीमुळे. गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हाच पाकिटातला नाहीसा झालेला दाणा होता. पत्र वाचले गेले, हे ती ओरडून सांगत होती. २०१७ मध्ये वाचनाचा एक उपयोग थांबला. वाचन थांबले नाही, कारण नको असलेली पत्रे निवडणे, उत्तर काय लिहावे हे सुचविणे, प्रवासाच्या तिकिटाची तारीख दिनदर्शिकेत टिपणे, ही कामे यंत्र करीतच आहे, आणि त्यांतली पुष्कळ आपल्याला हवीही आहेत. फरक एवढाच, की आता वाचले गेल्याची खूण पत्राच्या शेजारी उमटत नाही. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्याने पाकिटात काय घालून पाठवावे?

कोणी म्हणेल, पैसे भरून ई-मेल देणाऱ्या, जाहिरात न घेणाऱ्या कंपन्याही आहेत, तेथे जावे. आहेत, आणि ज्याला परवडते त्याने जावेही. परंतु साताऱ्याच्या बहिणीची अडचण त्याने सुटत नाही. ती कार्ड न वापरता पाकीट वापरते. ज्यांना ती लिहिते ते सारे कार्डवाले. रोलंड हिलच्या तिकिटाची थोरवी अशी होती, की एकाने भरलेले हशील दोघांच्याही पत्राला पुरे पडत असे.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमुखाने ठरविले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संमतीसंबंधीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या असे त्यांत ठरले. संमती कशी असावी, हे त्या कायद्यात पाच विशेषणांनी सांगितले आहे. त्यांतले एक विशेषण ‘विनाअट’ असे आहे. अटींच्या पानाखाली दिलेली संमती विनाअट कशी असावी, हा कायदेपंडितांना पुष्कळ दिवस पुरेल असा प्रश्न आहे. सरकारने स्वतःसाठी ठेवलेल्या सवलती हा निराळ्या व्याख्यानाचा विषय. पण एक तरतूद मला मनापासून आवडली. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय कंपनीने ठेवली पाहिजे. म्हणजे आजवर इंग्रजीत न वाचता मान्य केलेले पान आपल्याला मराठीत वाचता येईल. साताऱ्याच्या बहिणीच्या भावालाही ते मराठीत वाचता येईल. बहिणीने लिहिलेल्या पत्राबद्दल बहिणीला कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारावे, याची वेगळी तरतूद मात्र त्या कलमात केलेली नाही.